सोयऱ्याचं गाव शेवटी

१२ मार्च १९७३, सोमवार

साहेबांनी काल बोलावून सांगितलं, "रंगराव, उद्यापासून टँकरचं सगळं तुम्ही बघा." सगळं म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एकवीस वर्षं तहसील कचेरीत काढल्यावर माणूस असले प्रश्न विचारत नाही.

आज सकाळी चहाच्या आधी ही वही काढली. सरकारी नोंदी सरकारी कागदावर होतीलच. पण जे तिथे लिहिता येत नाही ते कुठेतरी ठेवायला हवं. सत्यभामेला सांगावं म्हटलं तर ती नुसतं ऐकून घेणारी बायको नाही, उत्तर देते.

तालुक्यातल्या त्रेसष्ट गावांच्या विहिरी आटल्या आहेत. पाणी नेणारे पाच जण. आमची कचेरी, जिल्हा परिषदेचं पाणीपुरवठा खातं, बांधकाम खातं, मिशनवाले, आणि तेलगिरणीवाल्या हिंमतरावांची व्यापाऱ्यांची समिती. टँकर न्यायचा, गावच्या विहिरीत ओतायचा, लोक तिथून शेंदून घेतात. काम एवढंच. पण पाचही जण आपापल्या मनानं निघतात आणि पाचांनाही डांबरी सडक आवडते. परवा सडकेवरच्या टाकळीत एकाच दिवशी तीन टँकर रिकामे झाले. तिथल्या बाया म्हणे धुणं घेऊन विहिरीवर बसल्या. आतल्या गावांत आठ-आठ दिवस थेंब नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या.

१४ मार्च

शाळेतून एक मोठा फळा मागून आणला आणि कचेरीच्या ओसरीवर टांगला. आडवी गावं, उभे वार, आणि खान्यात कोणाची गाडी ते खडूनं लिहायचं. रोज सकाळी सहा वाजता पाचही जणांच्या माणसांनी फळ्यासमोर यायचं, आपलं गाव बघायचं आणि निघायचं.

सांगायला सोपं. जिल्हा परिषदेच्या इंजिनियरना तीन प्रतींत मागणीपत्र हवं. मिशनवाले इंग्रजीत चिठ्ठी पाठवतात आणि उत्तरही इंग्रजीतच हवं. बांधकामचे ड्रायव्हर त्यांच्या मुकादमाखेरीज कोणाचं ऐकत नाहीत, आणि मुकादम आठ वाजता उठतो. हिंमतराव म्हणतात, "राव, कागद नोको. मले फोन करा, गाडी निंगली समजा." कचेरीतला फोन चार दिवस बंद आहे.

१७ मार्च, शनिवार

आज एका दिवसात चौदा गावं झाली. एकाही गावात दोन टँकर गेले नाहीत. माझ्या हाताखालचा कारकून तुळशीराम फळ्याकडे बघत म्हणाला, "भाऊसाहेब, हे त लग्नाच्या पंगतीवानी झालं. बसा म्हनलं का बसले." मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

२२ मार्च, गुरुवार

बरं वाटणं चार दिवस टिकलं.

आज बैठकीत हिंमतराव उभेच राहिले. "तुमच्या तुळशीरामाच्या सासुरवाडीत तीन खेपा झाल्या. कोन्या हिशोबानं? आमच्या समितीच्या चार गाड्या हायेत, डिझल आमचं हाये. आमी काय तुमच्या सोयऱ्याधायऱ्याले पानी पाजाले बसलो काय? असंच चालनार असन त उद्यापासून गाड्या काढून घेतो."

तुळशीराम लाल झाला. तीन खेपा झाल्या होत्या हे खरं, पण त्या गावची लोकसंख्याच तेवढी आहे. ते मी सांगितलं, कोणी ऐकलं नाही. साहेब माझ्याकडे बघायला लागले. चार गाड्या गेल्या तर फळ्याचा अर्धा भाग पुसावा लागेल, हे मला दिसत होतं. मग मी तिथेच कागद ओढला आणि लिहिलं: या कामाशी संबंधित कोणाही कर्मचाऱ्याचे अगर सभासदाचे जवळचे नातेवाईक ज्या गावी प्रत्यक्ष राहत असतील, त्या गावाची पाळी सर्वांत शेवटी, इतर गावे भागल्यावर.

वाचून दाखवला. मग हिंमतराव बसले आणि म्हणाले, "आता कसं बोलले राव!" इंजिनियरनी मान डोलावली. साहेबांनी सही केली. सगळ्यांची तोंडं एका वाक्यात बंद झाली. घरी येताना पाय दुखत होते, पण मन हलकं होतं.

२९ मार्च

सगळ्यांनी आपापल्या सोयऱ्यांची गावं लेखी द्यायची ठरली होती. पहिल्या दिवशी त्रेसष्टांपैकी एकेचाळीस गावं आली. मी डोक्याला हात लावला. आपल्या भागात कोणाचं कोणत्या गावात सोयरं नाही? एकेचाळीस गावं शेवटी ठेवली तर शेवट पहिल्यापेक्षा मोठा व्हायचा.

मला चिंता करावी लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून माणसं येऊन आपलीच नाती तोडायला लागली. तुळशीरामानं लिहून दिलं की सासुरवाडीशी त्याचं बोलणं नाही. मी म्हटलं, "अरे, परवा तर सासऱ्यानं वांगी पाठवली होती." तर म्हणतो, "थे वांगे मी खाल्लेच नाही, भाऊसाहेब." इंजिनियरची मावशी कागदावर वारली. हिंमतरावांनी पोरीच्या सासऱ्याशी जुना वाद असल्याचं कळवलं. बांधकामच्या मुकादमानं तर सख्ख्या भावाला चुलत केलं आणि चुलत म्हणजे जवळचा नाही असं खाली लिहिलं.

मी काय करणार? लेखी आलं ते मानायचं. चाळीस गावं वर गेली. शेवटच्या गावांसाठी फळ्यावर मी आडवी रेघ ओढली होती, तिच्या खाली एकच गाव उरलं, धोंडखेड. तिथे माझी बहीण राहते, आणि ती राहते असं मीच लिहून दिलं आहे.

४ एप्रिल, पाडवा

सणाच्या दिवशी सत्यभामेनं भांडण काढलं. "साऱ्यायनं आपले सोयरे पुसून टाकले अन् तुमी एकटे राजा हरिश्चंद्र?"

मी म्हटलं, नियम मी केला. मीच खोटं लिहिलं तर उद्या हिंमतराव काय म्हणतील?

"हिंमतराव काय म्हनन थे मालूम हाये तुमाले. अक्का काय म्हनन थे इचारलं काय कोनाले?"

अक्काबद्दल मला कोणी सांगायची गरज नाही. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा आणि कौशल्याअक्का तेराची. पुढच्याच वर्षी तिचं लग्न झालं. नवरीसोबत पाठराखीण जाते. अक्कासोबत मी गेलो, आणि परत येण्याचं नाव सहा वर्षं निघालं नाही. धोंडखेडच्या शाळेत मी मुळाक्षरं गिरवली. त्या गावच्या विहिरीत पोहायला शिकलो. दाजी गेले, आता अक्का, तिचा मुलगा कडूबा आणि सून शालू अशी तिघं आहेत. अक्का मला ओळखते. माझ्या खुर्चीला डाग लागलेला तिला चालणार नाही.

तसं धोंडखेड अगदी कोरडं नाही. विहिरीच्या तळाशी थोडं पाझरतं, आणि नाल्यात झिरे खणले तर मिळतं. इतर गावं भागली की एखादी गाडी उरेल, ती तिकडेच जाणार. नियमातच तसं आहे.

९ एप्रिल

अक्काचं पोस्टकार्ड आलं. कडूबानं लिहिलंय, बोललेलं तिचंच. "आमी खुशाल हावो. आमची कायजी करू नोको. मी आता विहिरीवर जात नाही. शालू जाते, उन्हाच्या वक्ताले, कोनी नसते तवा. तू आपलं काम कर. कोनी काई म्हनलं त मनावर घेऊ नोको."

वाचून समाधान झालं. साठीच्या जवळ आलेल्या बाईनं घागरी वाहायच्या नसतात. सून करते हे चांगलंच. आणि भर उन्हात विहिरीवर गर्दी नसते, शालू हुशार आहे. सत्यभामेला कार्ड वाचायला दिलं. तिनं दोनदा वाचलं आणि काही न बोलता फडताळात ठेवून दिलं. ती काही बोलली नाही म्हणजे पटलं असणार.

१६ एप्रिल, सोमवार

दुपारी धोंडखेडचे सरपंच महादेवराव आले. लहानपणी आम्ही एकाच पाटीवर लिहीत होतो, पण आज ते मला "तुमी" म्हणत होते. फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "आमचं गाव रेघेच्या खाली काऊन हाये?"

तुळशीरामानं त्यांना नियम वाचून दाखवला. महादेवरावांनी तो पुन्हा वाचायला लावला.

"म्हंजे कौशल्याबाई तुमची बहीन हाये म्हनून गावाले पानी नाही?"

मी म्हटलं, "नाही असं नाही. शेवटी आहे."

"पंचवीस दिवस झाले, शेवट कई आला नाही."

मी त्यांना समजावलं. गाड्या किती, गावं किती, हिंमतरावांच्या समितीचं काय म्हणणं होतं, सगळं. त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं. उठताना एकच विचारलं, "अन् बाई गावात राह्यत नसती त?"

"तर नियम लागू झाला नसता. 'प्रत्यक्ष राहत असतील' असं आहे त्यात. पण ती राहते ना."

"राह्यते," महादेवराव म्हणाले. "आज त राह्यते."

चहा मागवला होता, तो घेतला नाही. जुना माणूस आहे, तुटक बोलतो. पण नियम समजून घेण्यासाठी बारा मैल आला, याचं मला कौतुक वाटलं. सगळेच सरपंच असे असते तर माझं काम निम्मं झालं असतं.

२१ एप्रिल

बांधकामची एक गाडी तुटली. मिशनच्या टँकरचे स्प्रिंगचे पाटे तुटले. रेल्वेच्या टाकीतून पाणी भरायला आज चार तास लागले, कारण तिथल्या बाबूला नवीन पत्र हवं होतं. मला कालपासून कणकण आहे. साहेबांना सांगितलं, एक दिवस रजा द्या. ते म्हणाले, "रंगराव, तुम्ही फळ्यासमोर नसलात की हे पाचही जण पुन्हा पाच वाटांनी जातील." म्हणून ओसरीवरच बाक टाकून पडलो आणि पडल्या पडल्या गावं सांगत राहिलो.

आज एक गाडी उरली होती, धोंडखेडला जायची. मोडतोड झाल्यावर ती दुसरीकडे वळवावी लागली. सही माझीच.

संध्याकाळी आरोग्याचा माणूस आला. धोंडखेडात नाल्याच्या पाण्यानं तिघांना हगवण लागली आहे. मी लगेच ब्लिचिंग पावडरीचं पोतं पाठवलं. पावडर नियमात येत नाही.

२७ एप्रिल, शुक्रवार

कलेक्टर कचेरीतून परिपत्रक आलं. आमच्या तालुक्यातल्या फळ्याची आणि "नातेवाईकांचे गाव शेवटी" या नियमाची स्तुती आहे. जिल्ह्यातल्या सगळ्या तालुक्यांनी तो पाळावा असं लिहिलं आहे. साहेबांनी ते सगळ्यांसमोर वाचलं. हिंमतरावांनी पेढे मागवले. एवढ्या उन्हात पेढा घशाखाली उतरत नव्हता, पण खाल्ला.

घरी सांगितलं. सत्यभामा काल यष्टीनं धोंडखेडला जाऊन आली होती, सडकेपासून तीन मैल पायी. एक कळशी पाणी डोक्यावर घेऊन गेली. मला न सांगता. मी विचारलं, अक्का कशी आहे?

"बरी हाये. पन तिच्या दारात शेजारीनबी उभी राह्यत नाही."

मी म्हटलं, एवढ्या उन्हात कोण कोणाच्या दारात जातं?

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी परिपत्रक घडी करून खिशात घातलं. मग म्हणाली, "शालूले आठवा सरून राह्यला. मी नेलेली कळशी उतरवाले हात लावला तिनं, मी वरडली." शालूला दिवस आहेत हे मला माहीत नव्हतं. पोस्टकार्डात तसं काही नव्हतं.

६ मे, रविवार

कालचं लिहितो. काल आखाजी होती, अक्षय तृतीया.

आखाजीला बहिणी माहेरी येतात. अक्का गेली दहा-बारा वर्षं आली नव्हती; सण ती तिच्या घरी करायची, आम्ही आमच्या. काल सकाळी सत्यभामा पितरांची घागर भरून त्यावर खरबूज ठेवत होती, तेवढ्यात दारात बैलगाडी थांबली. पाहिलं तर अक्का. मला इतका आनंद झाला की मी अनवाणीच बाहेर गेलो. म्हटलं, "अक्का, आखाजीची आठवण झाली तुला!"

मग गाडीत काय आहे ते दिसलं. जातं होतं. पाटा होता. गोधड्या, कोठीचं झाकण, देवांचा डबा, कडूबाचं औत. शालू मागच्या बाजूला पाय पसरून बसली होती, तिच्या मांडीवर पोतं. कडूबा बैलांजवळ उभा होता, वर बघत नव्हता.

मी विचारलं, "हे काय?"

अक्का गाडीतून स्वतःच उतरली. पदर नीट केला. तिनं घरात पाऊल टाकलं नाही. ओट्यावरच उभं राहून म्हणाली, "रंगा, मी घराले कुलूप लावलं. कडूबाबी आला, सूनबी आली. आता धोंडखेडात तुयं कोनी राह्यत नाही. लिव तुया कागदात. अन् गावाले पानी पाठव."

सत्यभामेच्या हातात घागरीवरचं खरबूज तसंच होतं.

"गावानं काढलं का तुला?" मी विचारलं.

"कोनी काढलं नाही. हात धरून बाहेर काढलं अस्तं त बरं झालं अस्तं, भांडता आलं अस्तं. बाया विहिरीवर माह्या घागरीले जागा देत, अन् बोलत नव्हत्या. रुखमाचा नातू हगवनीनं गेला, तिच्या घरी बसाले गेली. थे म्हने, बाई, तुमी बसा, आमी भाईर बसतो." अक्कानं ओट्याचा खांब धरला. "महादेव तुया कचेरीत येऊन गेला. त्यानं सांगतलं, कागदात काय हाये थे. मले जा म्हनला नाही थो. कागद तेवढा सांगतला."

मला सोळा एप्रिल आठवला. मी त्याला चहा मागवला होता. त्यानं मला काय विचारलं होतं, ते मला काल, ओट्यावर, वीस दिवसांनी कळलं. मी स्वतः त्याला उत्तर दिलं होतं. वाक्यसुद्धा पाठ म्हणून दाखवलं होतं.

रुखमाबाईचा नातू गेल्याचं मला कचेरीत कोणी सांगितलं नाही. तिघांना हगवण लागली, एवढंच माझ्या कागदावर होतं.

अक्का जेवली नाही. मी कचेरीत जाऊन येईपर्यंत ओट्यावरच बसून राहिली. सण असून साहेबांना घरून बोलावलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "मग नियमात बसतं की. लिहा." मी लिहिलं: सदर गावी आता संबंधित कर्मचाऱ्याचे कोणीही नातेवाईक राहत नाहीत. अक्षर चांगलं आलं. धोंडखेड रेघेच्या वर घेतलं.

७ मे, सोमवार

काल टँकरबरोबर मी स्वतः गेलो. ड्रायव्हर म्हणाला, "भाऊसाहेब, तुमी काऊन?" मी म्हटलं, रस्ता दाखवायला. रस्ता एकच आहे.

विहिरीवर गाव जमलं होतं. पाणी आत पडायला लागलं तेव्हा कोणी ओरडलं नाही, कोणी ढकलाढकली केली नाही. मोठा आवाज होत होता आणि सगळे खाली बघत होते. मीही बघत होतो. ज्या कपारीवरून मी उड्या मारायचो ती पार उघडी पडली होती.

महादेवराव शेजारी आले. म्हणाले, "बाई पोचल्या काय नीट?"

मी हो म्हटलं.

"मी जा म्हनलो नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे."

परत निघताना एक म्हातारी आडवी आली. रुखमाबाईच असावी. डोळ्यांवर हात धरून तिनं मला न्याहाळलं आणि विचारलं, "तुमी कोन, बाप्पा?" सहा वर्षं मी तिच्या अंगणात खेळलो आहे. सांगावं की सांगू नये? कौशल्याचा भाऊ म्हटलं असतं तर त्याच क्षणी त्या विहिरीवर पुन्हा माझं नातं उभं राहिलं असतं, असं मला वाटलं. मी म्हटलं, "कचेरीतला माणूस." आणि गाडीत बसलो. तुळशीरामाच्या वांग्यांना मी हसलो होतो. आता कोणत्या तोंडानं हसू?

११ मे

आज बैठकीत मी म्हटलं, तो नियम काढून टाका. तो चुकीचा आहे. खरं लिहिणाऱ्याचं गाव मरतं आणि खोटं लिहिणाऱ्याचं भागतं.

हिंमतराव म्हणाले, "राव, या एका नियमानं माह्या समितीतले भांडनं मिटले. तुमच्यासाठी काढला त उद्या सारे म्हनतीन, रंगरावनं बहिनीसाठी काढला." इंजिनियर म्हणाले, परिपत्रक निघालं आहे, आता जिल्ह्याचं धोरण झालं. मिशनवाल्यांनी इंग्रजीत तेच सांगितलं. पाच खाती पहिल्यांदा एका आवाजात बोलली. हेच व्हावं म्हणून मी दोन महिने घसा कोरडा केला होता.

मी साहेबांना म्हटलं, मग मला या कामातून काढा. ते म्हणाले, "नियमात 'या कामाशी संबंधित' आहे, आणि कचेरी आख्खी संबंधित आहे. नोकरी सोडणार का? आणि सोडलीत तर उद्या सकाळी सहाला फळ्यासमोर कोण उभं राहील?" थकवा असा आला आहे की राग नीट धरता येत नाही.

अक्काला सांगितलं, नियम काढत नाहीत, पण तुम्ही आपल्या घरी जा. मी कागदावर काही लिहीत नाही, कोणाला कळणार? ती म्हणाली, "साऱ्या गावाले कळन. पाऊस पडेलोक आमी इथंच हावो."

१५ मे, मंगळवार

शालूला काल पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. दोन खोल्यांत आता आम्ही सहा माणसं. सत्यभामेनं शेजारून दोन घागरी जास्त पाणी मागून आणलं.

आज नगरपालिकेत जन्माची नोंद करायला निघालो. चपला घालत होतो तेव्हा अक्का दारात आली. "तिथं गाव लिवा लागते ना?"

"हो. आईबापांचं राहण्याचं गाव."

"इथलंच सांगजो. धोंडखेड सांगू नोको."

मी म्हटलं, "अक्का, त्या कागदाचा पाण्याशी काही संबंध नाही. ते खातं वेगळं आहे."

"तुमच्या कागदाचा कशासंग संबंध राह्यते, थे तुमाले तरी मालूम हाये काय?"

खिडकीवरचा कारकून ओळखीचा. त्यानं टाक बुडवला आणि म्हणाला, "धोंडखेडच ना, भाऊसाहेब?" त्यानं 'धो' काढलासुद्धा. मी म्हटलं, नाही. इथलंच लिहा. त्यानं खोडलं, वर इथलं नाव लिहिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी आलो तर अक्का पोरीला मांडीवर घेऊन तेल लावत बसली होती. "काय सांगतलं?"

"तू म्हणालीस तेच."

तिचे हात थांबले. "बरं केलं," ती म्हणाली, आणि तेलाच्याच हातानं पदर तोंडाला लावला. अक्काला रडताना मी आजपर्यंत पाहिलं नव्हतं. त्या गावात ती तेरा-चौदाची असताना माझं बोट धरून गेली होती, आणि तिच्या पहिल्या नातीच्या नावापुढे ते गाव मी येऊ दिलं नाही. मी तिच्या पायाशी खाली बसलो. म्हटलं, "अक्का, चुकलं माझं."

"मालूम हाये मले," ती म्हणाली. "उद्या धोंडखेडची पान्याची गाडी कितीले सुटते, थे सांग."